थंड खोलीतली शिकवणी

मे महिन्यात आमच्या कार्यालयात माणसासारखं बसता येईल अशी एकच जागा होती, आणि ती माणसांसाठी नव्हतीच मुळी. गोंदियातल्या एका शिक्षण संस्थेचं हे कार्यालय. खाली शाळा, वर कॉलेज, आणि जिन्याला लागून एक चिंचोळी खोली. त्या खोलीत जाळीच्या लोखंडी कपाटात संस्थेचा सर्व्हर उभा होता. प्रवेश, गुणपत्रिका, हजेरी, सगळं त्याच्या पोटात. तो तापू नये म्हणून त्याला एसी लावलेला. साहेबांच्या केबिनमध्ये कूलर, शिक्षकांच्या खोलीत खडखडणारा पंखा, आणि मशीनला एसी! मला त्या मशीनचा फार राग यायचा.

मी तिथं कंत्राटी टायपिस्ट होते. कुडव्याहून स्कूटीवर यायचं, दिवसभर पत्रं आणि दाखले बडवायचे, आणि संध्याकाळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून परत जायचं. इतकी वर्षं तिथं घालवूनही साहेबांना माझं नाव पाठ नव्हतं. 'ओ टायपिंग' अशी हाक यायची आणि मी उठून जायची. मी तापट आहे, माझ्या नवऱ्याला विचारा, पण त्या हाकेवर मी कधी तोंड उघडलं नाही. कंत्राटी माणसाला तोंड परवडत नाही.

मशीन सांभाळणारे सर सडक अर्जुनीकडचे. हायवेपासून आत त्यांचं गाव, घरची धानाची शेती. सगळी नोकरी त्यांनी त्या खोलीत काढली होती. सगळे त्यांना सरच म्हणायचे, जरी त्यांनी वर्गात कधी खडू हातात धरला नव्हता. ते जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर मशीनचं काय, हा प्रश्न साहेबांच्या केबिनमध्ये निघाला तेव्हा मी सहीसाठी फाइल घेऊन दारात उभी होते. साहेब म्हणजे आमचे सचिव. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचे, आणि निर्णय नेहमी हिंदीत द्यायचे.

"नागपूर की कंपनी को दे देते हैं," साहेब म्हणाले. "उनका आदमी, उनका ऑपरेटर. झंझट ही खत्म."

"नागपूरवाला गाडीत बसून इथं येईपर्यंत पोट्टे निकालासाठी गेटवर बोंबलत राहतीन," सर म्हणाले. "त्यापेक्षा मी ह्या बाईले शिकवतो."

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. ही बाई म्हणजे मीच.

"ये? टायपिंगवाली?" साहेब हसले.

त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकायचं काय आहे, किती आहे, मला झेपेल का, कशाचाही विचार न करता मी म्हणाले, "शिकते मी."

साहेबांनी अट घातली. जूनमध्ये निकाल लागतात, प्रवेश सुरू होतात. तोवर बाईला मशीन एकटीनं सांभाळता आलं तर काम तिचं, आणि नोकरीही पक्की. आणि त्याआधी सर्व्हर बंद पडायला लागला तर नागपूरची कंपनी. कंपनी आली की तिचा ऑपरेटर येणार, म्हणजे माझं टायपिंगही संपलं. माझं कंत्राट तसंही जूनमध्येच संपत होतं. केबिनच्या बाहेर येईपर्यंत माझा राग उतरला. आपण हे काय बोलून बसलो?

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्या थंड खोलीत खुर्ची दिली आणि पहिल्याच मिनिटाला माउस काढून खिडकीत ठेवून दिला.

"अन् मग मी काम कशानं करू?" मी विचारलं.

"बोटानं. टायपिंग येते ना तुले? मंग अर्धं काम झालं."

समोर काळा पडदा. त्यावर एक बारीकशी रेघ लुकलुकत होती. ना चित्र, ना बटण, ना काही. सर म्हणाले, याला कमांड लाइन म्हणतात. इथं मशीनला दाखवायचं नसतं, सांगायचं असतं. मी पहिली कमांड टाइप केली, एलएस, आणि फोल्डरमध्ये काय काय आहे त्याची नावं पडद्यावर उतरली. बरं वाटलं. मग सीडी, म्हणजे या खोलीतून त्या खोलीत. मग एक फाइल इकडून तिकडं हलवायची कमांड दिली आणि एंटर मारलं. काहीच झालं नाही. पुन्हा तीच रेघ लुकलुकायला लागली.

"सर, हे बिघडलं."

"काही बिघडलं नाही. काम झालं. थो काम झालं की बोलत नाही. बोलला, त समज की गडबड आहे."

"म्हणजे माझ्या सासऱ्यासारखंच," मी म्हणाले, आणि सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. सरांची शिकवायची पद्धत सगळी गावाकडची. एका कमांडीचं उत्तर दुसरीला द्यायचं कसं ते मला काही केल्या कळेना, तेव्हा ते म्हणाले, "धान मळून झाल्यावर काय करतेस? पहिले ढीग आणतेस, मंग पाखडतेस, मंग चाळतेस. इथं बी तसंच. पहिली कमांड ढीग आणते, दुसरी पाखडते, तिसरी चाळते. मधात ही उभी रेघ टाकाची." त्या दिवसापासून ती उभी रेघ मी कधी विसरले नाही. सुडो नावाची कमांड मात्र ते मला उठता बसता वापरू देत नसत. ती लावली की मशीन कुठलाही हुकूम मालकाचा समजून पाळतं. "तुले दरवाजा ढकलूनच उघडाची सवय लागली आहे," ते ओरडायचे. "पहिले पाहून त घे, साधा उघडते का." मीही ओरडायचे. दोघांचे आवाज जिन्यापर्यंत जायचे.

आवाजामुळे म्हणा की गारव्यामुळे, लोक यायला लागले.

पहिल्यांदा आली हजेरी विभागातली मुलगी. तिला सातवा महिना होता आणि उन्हानं तिचे पाय सुजायचे. "दीदी, जरा बसू का?" म्हणून ती दाराशी टेकली, ती रोज टेकायला लागली. सोबत मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी असायच्या. मग शिपाई काका आले. ते दरेकशाचे, रेल्वेनं यायचे. घरी गोंडी, आमच्याशी झाडीबोली, साहेबांशी हिंदी. ते मठ्ठ्याचं भांडं घेऊन यायचे आणि कोपऱ्यात उकिडवे बसायचे. मग खेळाचे शिक्षक, मग लायब्ररीवाल्या मॅडम. दुपारी जेवण झालं की सगळी मंडळी त्या चिंचोळ्या खोलीत. बाहेर रस्त्यावर डांबर चिकट झालेलं, आत आमची मैफल.

आणि सगळे माझ्या पडद्याकडं पाहत बसायचे. दुसरं पाहायला होतं काय तिथं?

"हा पिक्चर सुरू कवा होते?" खेळाचे शिक्षक रोज विचारायचे.

"सुरूच आहे," काका म्हणायचे. "हिरोईन दिसून नाही राहिली का?"

मी चिडायची. पण खरं सांगू, मला ते फार आवडायचं. मी एक कमांड चुकले की पाच तोंडांतून 'च् च्' यायचं. हजेरीवाली तर माझ्यापेक्षा लवकर शिकली. कैरी चघळत म्हणायची, "दीदी, मधात जागा सोडाची राहिली." आणि खरोखर राहिलेली असायची. मी बरोबर केलं की काका मठ्ठ्याचा पहिला पेला मला द्यायचे. घरी गेल्यावर मी भाजी चिरताना कमांडी पुटपुटायची, आणि नवरा म्हणायचा, "बापरे, ही आता कुकरलाबी सुडो लावते." इतक्या वर्षांत त्या कार्यालयात मला कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि मी काही शिकते आहे हे पाहायला कोणी बसलंही नव्हतं. मला ते काम हवं होतं. नोकरी पक्की व्हावी म्हणून हवं होतंच, पण त्याहून जास्त, त्या खुर्चीत बसल्यावर मी 'ओ टायपिंग' राहत नव्हते म्हणून हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बंद पडायला लागला.

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा आम्ही सगळे खोलीतच होतो. घरघर चालली होती आणि एकदम थांबली. त्या शांततेत खेळाचे शिक्षक घोरत होते तेवढं ऐकू आलं. सरांनी मशीन पुन्हा चालू केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, दुपारीच. मग पुन्हा. वर कॉलेजमध्ये गुण भरायचं काम चालू होतं. ते मधेच बंद व्हायचं आणि प्राध्यापक मंडळी जिन्यावरून खाली ओरडायची.

साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, पहले तो ये कभी बंद नहीं होता था. आपने हाथ लगाया और बंद होने लगा." या वेळी ते हसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात नागपूरचे लोक येतायत. तोवर कारण सापडलं तर ठीक."

मी खोलीत परत आले. साहेबांचं म्हणणं तसं बरोबरच होतं ना! मी यायच्या आधी मशीन वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं होतं. मीच कुठली तरी कमांड चुकीची दिली असणार. मी सरांना म्हणाले, "सर, मला नाही जमत हे. देऊन टाका कंपनीला."

"चूप बस," सर म्हणाले. "तू काही बिघडवलं असतं त थो बंद झाला नसता, चुकीचा चालला असता. ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मले विचारू नको. मशीनले विचार."

"तुम्हीच सांगा ना सरळ, तुम्हाला तर सगळं येतं."

"मी जूनमध्ये जाऊन राहिलो. मंग कोणाले विचारशील? विचार त्याले."

राग आला मला. माझी नोकरी जायची वेळ, आणि यांना शिकवणी सुचते आहे. पण बसले. मशीन बंद होण्याआधी स्वतःशी काय काय बोललं होतं ते काढायची कमांड दिली. ढीगच्या ढीग ओळी आल्या. तो ढीग पाखडला, चाळला, आणि शेवटी एक ओळ राहिली. इंग्रजीत होती, पण माझ्याही इंग्रजीला कळेल अशी. मशीनचा मेंदू फार तापला, म्हणून त्यानं स्वतःला वाचवायला स्वतःच बंद करून घेतलं. मागच्या वेळीही तेच. त्याच्या मागच्या वेळीही तेच.

"तापला?" काका म्हणाले. "इथं त मले हुडहुडी भरून राहिली!"

सगळे हसले, मला हसू येईना. एसी चालू, खोली गार, आणि मशीन तापतं कशानं? सरांनी मला एक युक्ती सांगितली. मशीनला सांगून ठेवता येतं, की थोड्या थोड्या वेळानं आपलं आपण ताप बघ आणि लिहून ठेव. ते मी लावलं. दोन दिवस पाहिलं तर सकाळी ताप साधा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर चढायला लागायचा. मला वाटलं, दुपारचं ऊन. मी खिडकीला जाड कागद चिकटवला. तरी चढलाच. लोकांच्या येण्याजाण्यानं दार उघडं राहतं म्हणून मी दारापाशी बसून दार ओढत राहिले. थोडा फरक पडला, फार नाही.

मधेच काकांच्या मुलाचं लग्न आलं. लग्न त्यांच्याच घरी, दरेकशाला. काकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, जो येणार नाही त्याला पुढं मठ्ठा नाही. साहेबांनी अर्धी सुट्टी दिली. आम्ही सगळेच्या सगळे दुपारच्या गाडीनं निघालो. हजेरीवालीला नको म्हणत होतो तरी तीही आली. स्टेशन एवढंसं, पुढं झाडी आणि डोंगर, आणि त्या झाडीत गोंदियापेक्षा बरा वारा. मांडवात आंब्याची पानं, जमिनीवर पंगत, डाळ भात आणि वांग्याची रस्सेदार भाजी. सर मला म्हणाले, "आज मशीनचा विचार करू नको, जेव." मी जेवले, पण विचार केलाच. आज बंद पडलं तर चालू करायलाही तिथं कोणी नाही. जीव सारखा टांगणीला लागलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी लावली न लावली तशी आत धावले. मशीन घरघरत होतं. ताप पाहिला. आदल्या दिवशी, भर दुपारी, बाहेर अंगाची लाही लाही होत असताना, त्याचा ताप चढलाच नव्हता. सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी.

म्हणजे ऊन नाही. म्हणजे आम्हीच. पण माणसं बसल्यानं खोली थोडी गरम होईल, एवढं मशीन बंद पडेल कसं? मी दुपारी मुद्दाम गप्प बसून एकेकाला पाहत राहिले. हजेरीवाली आली. डोक्यावरचा ओला दुपट्टा सोडला आणि कपाटामागं गेली. खेळाचे शिक्षक आले, ओला दुपट्टा सोडला, कपाटामागं गेले. काका आले, तेही गेले.

अरे देवा!

आमच्याकडं उन्हाळ्यात डोक्याला कापड बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि दुपारी जेवून परत येताना ते नळाखाली भिजवून बांधतात. थंड राहतं डोकं. पण ओलं कापड थंड खोलीत वाळत नाही. आणि त्या खोलीत एकच गरम जागा होती, सर्व्हरची पाठ. आतली सगळी गरम हवा तिथून बाहेर पडते. मी उठून मागं गेले. मागच्या जाळीवर दुपट्टे असे गच्च पसरलेले, जणू शेजारच्या चार घरांची धुणी एकाच दोरीवर. पिवळा, निळा, चौकड्यांचा. मशीन बिचारं श्वास सोडायला जागा शोधत होतं आणि आम्ही त्याच्या नाकावर ओली कापडं टाकत होतो. त्यातला सगळ्यात खालचा, जाळीला अगदी चिकटलेला, माझा होता.

मी सगळे दुपट्टे ओढून काढले आणि मधल्या टेबलावर आदळले. माझा आवाज चढला. "हे पाहा! हे आहे कारण! मी इथं मरून राहिले, आणि तुम्ही माझ्या नोकरीवर कपडे वाळवून राहिले!"

सगळ्यांची तोंडं उतरली. मग सरांनी टेबलावरच्या ढिगातून एक पांढरा, लाल काठाचा दुपट्टा हळूच ओढला.

"सर! तुमचासुद्धा?"

"मी त लय वर्षांपासून तिथंच वाळवतो," सर म्हणाले. "गरम हवा निघते हे मले माहीत होतं. म्हणून त तिथं वाळवतो. एकट्या माह्या दुपट्ट्यानं काही होत नव्हतं वो."

मला हसावं की रडावं कळेना. मग मी हसले, आणि एकदा हसले ती थांबलेच नाही. काका हसले, खेळाचे शिक्षक हसले. फक्त हजेरीवाली हसली नाही. तिनं पडद्यावरचे तापाचे आकडे वाचले, जेवणाच्या सुट्टीची वेळ पाहिली, आपला दुपट्टा घडी करून खांद्यावर टाकला आणि उठायला लागली.

"तू कुठं चालली?" मी विचारलं.

"दीदी, नुसते दुपट्टे नाही. दार बी आमच्याच पायी उघडं राहते. तुमचं काम गेलं त मले हा गारवा घेऊन काय कराचं आहे?"

सातवा महिना, सुजलेले पाय, आणि बाहेर वणवा. मी म्हणाले, "तू बस. बाकीचे जातील."

"कोणीच नाही बसणार," सर म्हणाले. "आपण बी नाही."

"आपण नाही बसलो तर मशीन कोण पाहील?"

सरांनी खाली पाहिलं. एखाद्या पोरानं चोरून आंबा खाल्ल्यावर पाहावं तसं. "अवो, त्याच्यापाशी बसाले लागतच नाही. दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून त्याच्यात जाता येते. घरून बी येते. इतकी वर्षं मी इथं बसलो थो ह्या एसीसाठी."

त्या दिवशी हसण्याची दुसरी फेरी झाली, आणि ती साहेबांच्या केबिनपर्यंत गेली असणार.

खोलीला कुलूप लागलं. लायब्ररीत एक जुना कूलर धूळ खात पडला होता. काकांनी त्यात नवं गवत भरलं, पाणी ओतलं, आणि हजेरीवालीची खुर्ची बरोबर त्याच्या समोर ठेवली. कूलरची हवा एसीसारखी नव्हे. कपडे दमट होतात, कागद उडतात, लायब्ररीवाल्या मॅडम ओरडतात. पण सगळे तिथं आले, आणि सर आणि मीही. सरांनी मला एसएसएच शिकवलं. एक ओळ टाइप केली की जिन्याजवळच्या त्या बंद खोलीतलं मशीन लायब्ररीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर हजर. तीच लुकलुकणारी रेघ. मला पहिल्यांदा ते खरं वाटेना. मी उठून खाली गेले, कुलूप लावलेल्या दाराला कान लावला, घरघर ऐकली आणि परत आले.

नागपूरच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा आम्ही लायब्ररीतच होतो. साहेब त्याला घेऊन आधी खाली गेले, कुलूप पाहिलं, आणि तणतणत वर आले.

"मॅडम, सर्व्हर कौन देख रहा है?"

"मी," मी म्हणाले, आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. ताप दाखवला. मशीन किती दिवस न थांबता चालू आहे ते दाखवलं. कंपनीचा माणूस खाली वाकून पाहायला लागला, दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. पहिल्या उत्तराला माझा आवाज कापला, दुसऱ्याला नाही.

"मग बंद का पडत होता?" साहेबांनी विचारलं.

खेळाचे शिक्षक छताकडं पाहायला लागले. काका कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला लागले. नाव कोणाचं घ्यावं? घेतलं तर सगळ्यांचं घ्यावं लागणार.

"हवा जायची जागा अडली होती," मी म्हणाले.

"किससे अडली?"

"माह्या दुपट्ट्यानं," सर म्हणाले. "माहीच चूक. सापडवली मात्र हिनं. मले नाही सापडली."

साहेबांनी सरांकडं पाहिलं. त्यांच्या गळ्यात तो लाल काठाचा दुपट्टा तसाच होता. कंपनीच्या माणसाला घेऊन जाता जाता ते दारात थांबले आणि म्हणाले, "ठीक है. काम मॅडम के पास रहेगा." मग माझं पूर्ण नाव विचारलं. नेमणुकीच्या ऑर्डरवर घालायला हवं म्हणाले.

निकाल लागले, प्रवेश सुरू झाले. मशीन एकदाही थांबलं नाही. हजेरीवाली माहेरी गेली, जाताना मला कैरीचं लोणचं देऊन गेली.

सरांचा शेवटचा दिवस आला. नारळ, शाल, भाषण, सगळं दुपारपर्यंत आटोपलं. लोक आपापल्या कामाला गेले. सर लायब्ररीत आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. गावाकडं धानाच्या रोवणीची तयारी चालू होती, त्यांचा जीव तिकडं लागला होता. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील.

"आता माह्यं खातं बंद कर," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग कळलं. मशीनमध्ये शिरायचं त्यांचं नाव आणि त्यांचा पासवर्ड. ते मशीन आलं त्या दिवसापासूनचं खातं.

"राहू द्या ना सर. मला कधी अडलं तर तुम्ही गावावरून आत येऊन पाहाल."

"नाही पाहणार. अडलं त फोन कर, पण हात तूच लाव. मी इथं नोकरीवर नाही. उद्या माह्या नावानं कोणी आत घुसलं त तू कोणाले धरशील?"

"मग उद्या करते."

"आज कर. मी बसून आहे तोवर कर."

मी कीबोर्डवर हात ठेवला. मला आत आणलं ते याच माणसानं, आणि मला पहिलं मोठं काम मिळालं ते हे, त्यांनाच बाहेर काढायचं. मी कमांड लिहिली, सुडो लावून. ती त्याच्याशिवाय होत नाही, हे मी आधी साध्या कमांडीनं करून पाहिलं होतं. शेवटी त्यांचं नाव लिहिलं आणि एंटर मारलं.

सरांनी आपला चष्मा लावला, शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले आणि आत जायला आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. नकार आला. पासवर्ड चुकला असेल म्हणून पुन्हा, एकेक अक्षर पाहून. नकार. तिसऱ्यांदा त्यांनी फार सावकाश टाकला, आणि मी प्रार्थना करत होते की मी काहीतरी चुकीचं केलेलं असू दे, आत जाऊ दे त्यांना. पुन्हा नकार.

मी तोंडाला दुपट्टा लावून तिथंच रडायला लागले. सर माझ्याकडं वळले. त्यांचेही डोळे भरले होते, पण चेहरा असा फुललेला, मी कधी पाहिला नव्हता.

"रडून काऊन राहिली वो?" ते म्हणाले. "पक्कं बंद केलं तू. मी बी उघडू नाही शकलो."